आत शिरलेल्यानं ठरवायचं
आत शिरलेल्यानं ठरवायचं, बाहेरच्यानं नाही, असं साहेबांनी आपल्या अग्निशमन पथकाला पहिल्यापासून शिकवलं होतं. त्या दुपारी पेटलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून वॉकीटॉकीवर आवाज आला. पथकातली सगळी जिला बुटकी म्हणत, ती बोलत होती; तिचा जोडीदार तिच्या मागेच होता. "साहेब, आतल्या खोलीत कुणीतरी खोकतंय. पुढे जाऊ की परतू?" खालून साहेबांना नुसता धूर दिसत होता. 'परत ये' अगदी ओठांवर आलं होतं. "तुला दिसतंय, तूच ठरव," ते म्हणाले. बुटकी एका म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आली. तिच्या मागून येणारा जोडीदार मात्र कोसळलेल्या छताखाली सापडून मेला. संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर त्याची आई मुलाचं काळवंडलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "माझ्या पोराला पुढे जायला कुणी सांगितलं?" बुटकीनं तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "मी सांगितलं." आईनं मान फिरवली. बुटकीनं साहेबांना जिन्यापाशी बोलावलं. "खोटं का बोललात?" "पथक माझं आहे. दोष मला लागू दे. तुला अजून पुष्कळ काम करायचंय." "तो माझ्या भरवशावर आत आला होता, साहेब. ठरवलं मी होतं. आता ते माझ्याकडून काढून घेऊ नका." बुटकी परत गेली आणि आईशेजारी बसली. "मावशी, त्याला मी सांगितलं होतं." आई हेल्मेट पोटाशी धरून म्हणाली, "तू होतीस ना त्याच्याबरोबर? मग आत काय झालं, ते मला सांग."