आंगठा वर, आंगठा खाली

नसा सुजून पर्बताबाईचे पाय बधिर झाले, त्याला दोन वर्षं होत आली. दर तीन महिन्यांनी वर्ध्याच्या दवाखान्यात तीच परीक्षा व्हायची. डोळे मिटायचे, आणि डॉक्टरीणबाईंनी पायाचा आंगठा हलवला की तो वर गेला की खाली, ते सांगायचं. पर्बताबाईला काही म्हणजे काही कळत नसे.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आजी, पुढच्या वेळीही नाही कळलं तर चुलीजवळ जाणं बंद. पाय भाजला तरी समजायचं नाही तुम्हाला."

चूल सुटली म्हणजे घरातला हुकूम सुटला. म्हणून तिनं सुनेला, दीपमालेला, एसटीतच पढवून ठेवलं होतं. "आंगठा वर गेला का बांगडी वाजवजो. खाली गेला का गुमान राह्यजो. अन् हासली तं याद राख!"

पण दीपमाला चिठ्ठीच्या रांगेतून यायच्या आतच डोळे मिटावे लागले.

तेवढ्यात पायाशी बांगडी किणकिणली. आली बाई एकदाची!

"वर," ती ठसक्यात म्हणाली. मग शांतता. "खाली." दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली.

"कमाल केली, आजी! औषध लागू पडलं."

"मंग! लेचीपेची समजल्या का मले?" तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाई टेबलाशी जाऊन लिहीत होत्या.

दार ढकलून दीपमाला धापा टाकत आत आली. "आई, रांग लई मोठी होती. झाली का तपासणी?"

पायाशी कुणीच नव्हतं, तरी तिथंच पुन्हा बांगडी किणकिणली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच पर्बताबाईला स्पष्ट कळलं, की आपला आंगठा कुणीतरी ऊबदार बोटांत धरून हळूच वर उचलतंय.