पहिला पास

अकोल्याच्या या फुटबॉल क्लबात एक रिवाज होता. क्लब काढणाऱ्या अकरा जणांतलं कोणी गेलं, की पुढच्या सामन्यात पहिला पास त्याच्या जागेवर द्यायचा. ती जागा रिकामी ठेवलेली असे. बॉल घरंगळत रेषेबाहेर गेला, की खेळ सुरू. हा रिवाज दाऊदचाचांनीच पाडलेला.

आज पास शेषरावचा होता. आता अकरांत चाचाच तेवढे उरले होते. शेषराव मोठा हट्टी गडी. समोरच्यानं हात वर केल्याशिवाय त्यानं उभ्या जन्मात कोणाला बॉल दिला नाही.

स्वप्निलनं बॉल डावीकडे सोडला. रिकाम्या जागेवर जाऊन बॉल थांबला.

"खड्डा असन तिथं," रेषेबाहेर खुर्चीत बसलेले चाचा पुटपुटले.

"नाही चाचा, कालच रोलर फिरवला," शेजारी उभा असलेला क्लबचा सेक्रेटरी ललित म्हणाला.

बॉल हलला. सावकाश, किंचित वळण घेत तो सरळ चाचांच्या खुर्चीकडे येऊ लागला. मैदानात कोणी जागचं हललं नाही.

"चाचा," ललितनं विचारलं, "तुमी हात कावून वर केला?"