कुजबुजताईची एन्ट्री

दुसरी घंटा झाली तेव्हा कुजबुजताई सुटकेस घेऊन विंगेत उभी होती. सुटकेस रिकामी होती, तरी तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रोज तीस-चाळीस जणांच्या शिरा शोधणारे ते हात. तिथे ते हलके असायचे, आणि आज सकाळी अकराच्या प्रयोगाला मूठ सैल करायला तयार नव्हते. ती घाबरली होतीच. पण भीतीपेक्षाही आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. उठल्यापासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि भुकेचा पत्ताच नव्हता.

अकरा वर्षं ती या हौशी मंडळाची प्रॉम्प्टर होती. विंगेतल्या स्टुलावर वही घेऊन बसायचं आणि नटाची गाडी अडली की पुढचं वाक्य हळूच सुचवायचं. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव मंडळात कुणाला आठवत असेल तर शपथ. घरी सासूबाई विचारायच्या, "नाटकात तुझं काम तरी काय गं?"

"न दिसण्याचं," ती म्हणायची.

पण ओट्याशी उभी असताना ती नायिकेची सगळी वाक्यं म्हणायची, आणि मोठ्याने म्हणायची ती फक्त मिक्सर चालू असेपर्यंत. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरी नायिका होती दातांची डॉक्टर. काल रंगीत तालमीत तिचा घसा बसला आणि आज सकाळी तोंडातून नुसती हवा येऊ लागली. दिग्दर्शक म्हणजे चित्रकलेचे मास्तर. त्यांनी प्रयोग रद्द करायला फोन काढला, तेव्हा डॉक्टरनेच कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं, 'हिला सगळं पाठ आहे.' मग कुजबुजताईच्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसली.

"पाठ आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे."

"मोठ्याने सांग."

"आहे."

"हे मोठ्याने?" मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण फोन खिशात टाकला.

आज आवाज फुटला नाही तर पुन्हा आपल्याला कुणी विचारणार नाही, हे ती ओळखून होती. आणि तिला हे काम हवं होतं. लहान पोराला दुकानातलं खेळणं हवं असतं, तसं हवं होतं.

तिसरी घंटा झाली. पडदा सरकला. सोफ्यावर पेपर वाचत विमावाले बसले होते. दिवसभर विमा विकायचे आणि रविवारी मंडळाच्या प्रत्येक नाटकात कुणाचा तरी नवरा व्हायचे. या नाटकात त्यांची बायको घर सोडून गेली होती आणि आज परत येणार होती. डॉक्टरने मागून कुजबुजताईच्या पाठीवर थाप मारली, आणि ती उजेडात आली.

समोर अंधार. त्यात दीड-दोनशे माणसं आणि तिसऱ्या रांगेत सासूबाई.

विमावाल्यांनी पेपर खाली केला. "तू?" ते म्हणाले. "सामान घेऊन आलीस?"

मग सगळं शांत झालं.

कुजबुजताई थांबली. एक सेकंद. दोन सेकंद. रंगमंचावरच्या शांततेचा तिला एकच अर्थ माहीत होता, कुणीतरी वाक्य विसरलंय. तिने मान जराशी तिरकी केली आणि नेहमीसारखं हळूच सुचवलं, "मी राहायला आलेली नाही."

आणि कुणीतरी ते म्हणेल म्हणून वाट बघत उभी राहिली.

कुणी म्हणेना. विमावाले डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होते. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कान गरम झाले, हसू फुटता फुटता राहिलं, आणि तिने छातीभर श्वास घेतला.

"मी राहायला आलेली नाही. माझं शिलाई मशीन न्यायला आलेय."

आवाज असा निघाला की सासूबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. हा आवाज आपला आहे हे कळायला तिला स्वतःलाही क्षणभर वेळ लागला. मग तिला तो फार आवडला. एवढा आवाज घेऊन आपण अकरा वर्षं स्टुलावर काय करत होतो, असं तिला वाटून गेलं.

आता पाळी विमावाल्यांची. पण तो आवाज ऐकून त्यांची पाटी पार कोरी झाली. त्यांनी तेच केलं, जे ते प्रत्येक नाटकात निदान चार वेळा करायचे. मान वळवून विंगेतल्या स्टुलाकडे बघितलं. स्टुलावर डॉक्टर वहीवर बोट ठेवून जिवाच्या आकांताने ओठ हलवत होती, आणि आवाज काही येत नव्हता. समोरच्या विंगेत मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

'मशीन? मला वाटलं, माझी आठवण आली.' हे त्यांचं वाक्य कुजबुजताईच्या अगदी ओठांवर होतं. सुचवायला कितीसा वेळ. तिने ओठ उघडलेही.

पण ती कुजबुजली नाही. सुटकेस खाली ठेवली, सोफ्यापर्यंत चालत गेली आणि विमावाल्यांची हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"तिकडे काय बघताय?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी इथे आहे."