'नक्षत्र नऊ'च्या आधी

अर्जुनरावांनी यानाच्या लाल दांड्याला हात लावला आणि मिनल लगबगीनं त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

मूळ 'नक्षत्र नऊ'मध्ये हा दांडा डावीकडे होता की उजवीकडे, यावरून चाहत्यांत दोन तट होते आणि दोन्ही तट एकमेकांच्या लग्नकार्याला जात नसत. मिनलनं तो मधोमध बसवला होता.

"इथंच होता का हा?" अर्जुनरावांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं, सर," दिग्दर्शिका वर्षाली म्हणाली. हिंजवडीची नोकरी सोडून ती मालिका काढायला निघाली होती. तिचं हसू कायम होतं आणि झोप बंद होती.

"छान आहे," म्हणून अर्जुनराव पुढं सरकले.

परीक्षा घेतायत, मिनलच्या मनात आलं.

महाळुंग्यातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये हे यान उभं होतं. 'नक्षत्र नऊ' ही अर्जुनरावांची जुनी, दूरदर्शनच्या काळातली अंतराळमालिका. तिच्याही आधीची गोष्ट आता नव्यानं सांगायची होती. हक्क अर्जुनरावांकडे होते आणि संमतीच्या कागदावर त्यांची सही अजून व्हायची होती. "हे माझं यान नव्हे," एवढं जरी ते म्हणाले, तरी उद्याचं चित्रीकरण रद्द, वर्षाली घरी आणि मिनल तिच्या आधी घरी.

कारण नव्याचा जुन्याशी सांधा जुळवण्याचं काम मिनलचं. आणि तिनं जुनी मालिका पाहिलेलीच नव्हती. ती जन्मली त्याच्या आधीच सगळ्या फिती पुसून त्यांवर शेतीचे कार्यक्रम घेतले गेले, असं लोक सांगत. उरलं होतं फक्त शीर्षकगीत. त्यात यान दिसे, बटणांचा फळा दिसे, कप्तान मान वळवे आणि शेवटी काही अक्षरं येत. ती इतकी पुसट झाली होती की वाचता येत नसत. अर्जुनरावांचं नाव असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

अख्ख्या पिंपरी-चिंचवडनं पाहिलेली मालिका आपण एकटीनंच पाहिली नाही, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती गोड बोलून माहिती काढायची. चिंचवडच्या मामांच्या मते कप्तान शेवटी मरतो. सांगवीचे औषधवाले शपथेवर सांगत की तो वाचतो आणि लग्न करतो. यानात बाई नव्हती, असं चाहता मंडळाचं म्हणणं होतं. होती, पण ती चहा द्यायची, असं मंडळातून फुटून निघालेल्यांचं. मिनलनं बाईला मुख्य अभियंता केलं आणि एका प्रसंगात हातात कपबशी दिली. दोन्ही बाजू नाराज झाल्या, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं.

"जुन्या यानात बटणं होती," अर्जुनराव म्हणाले. "हे तर त्याच्याही आधीचं यान ना? मग इथं टचस्क्रीन कसे?"

वर्षालीनं मिनलकडे पाहिलं. मिनल पुढं झाली.

"आधी टचस्क्रीनच होते, सर. पण बिघडले की दुरुस्तीला माणूस येईना. म्हणून पुढं काढून बटणं बसवली."

अर्जुनराव पहिल्यांदा हसले. "चाकणच्या कारखान्यांत असंच करतात."

तेवढ्यात शेडचा रखवालदार धोंडीबा खुर्ची घेऊन आला आणि तिथंच रेंगाळला.

"साहेब, वळखलं का? मी व्हतो की तुमच्या मालिकेत. चौथ्या भागात मेलो."

अर्जुनरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "कसे मेलात?"

"आता बगा! तुमीच मारलं न्हवं का! त्वांडाला हिरवा रंग फासून."

"हां हां," अर्जुनराव म्हणाले. "छान मेला होतात."

धोंडीबा कृतार्थ होऊन फाटकाकडे गेला. वर्षाली चहाचं बघायला गेली. मिनल आणि अर्जुनराव दोघंच उरले.

ते फळ्यापाशी वाकले. कोपऱ्यात कुंकवाची पाच बोटं उमटवली होती. शीर्षकगीतातल्या फळ्यावर ती होती, म्हणून इथंही. त्यांवर चाहत्यांचे आजवर किती सिद्धांत झाले असतील, देव जाणे. मिनलनं तर एक अख्खा भाग लिहिला होता. परग्रहावरचे लाल सूक्ष्मजीव फळ्यावर वसाहत करतात, असा.

"आणि शेवटी? कप्तान वाचतो का?" त्यांनी विचारलं.

झालं. मामा की औषधवाले?

"सर, खरं सांगू? मी जुनी मालिका पाहिलेली नाही."

"अजून कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस." ते कप्तानाच्या खुर्चीत हळूच टेकले. "तो संमतीचा कागद दे इकडं."

त्यांनी सही केली. मिनलनं कागद घडी करून फायलीत ठेवला.

"हे कुंकू खंडेनवमीचं गं," ते फळ्याकडे बघत म्हणाले. "भोसरीच्या एका कारखान्याची शेड होती. पूजा केली की मशीन दिवसभर बंद, म्हणून मालकानं तेवढा एक दिवस दिला. घाईघाईत शीर्षकगीत उरकलं. दसरा झाला आणि मशीन सुरू झाली."

"मग बाकीचं चित्रीकरण कुठं केलंत?"

अर्जुनरावांनी कुंकवाच्या एका बोटावरून अंगठा फिरवला. मिनलला वाटलं, आपण नको ते विचारलं. तिनं घाईनं विषय बदलला.

"आणि त्या गीताच्या शेवटी ती पुसट अक्षरं आहेत ना, सर? तुमचंच नाव ना ते?"

"नाव कसलं," अर्जुनराव म्हणाले. "'लवकरच येत आहे', असं लिहिलं होतं."