भुकटी झाडायची कोणी

"काका, ज्यानं घाण केली त्यानंच उचलावं. भाडेकरू म्हंजे तुमची मोलकरीण आहे का?" रूपा फोनवर कडाडली.

"नाही बाई," सानगडीहून घरमालक सेवकराम एवढंच म्हणाले.

धानकापणीसाठी रूपा पंधरा दिवस दिघोरीला माहेरी गेली होती. तेवढ्यात मालकांनी साकोलीतल्या या घराच्या पुढच्या खोलीचं छत खरवडून पुट्टी मारून घेतली. काम त्यांच्या मुलानं, निकेशनं केलं. पोराचा हात सफाईदार, पण आवरायच्या नावानं बोंब. फरशीभर पांढरी भुकटी. परवा परतल्यापासून रूपा चार वर्षांच्या डिंपलला घेऊन स्वयंपाकघरात निजत होती आणि पोरगी खोकून खोकून बेजार झाली होती.

"निकेशले पाठवा न मंग. त्याचंच काम आहे."



"गुरुवारी मी दुर्गाले घेऊन येतो," सेवकराम म्हणाले. "मीच पाहून खोलीले कडी लावून गेलो होतो. तवरोक तशीच राहू द्या. बाई, मले सांगाचं होतं..."

"गुरुवारी म्हंजे गुरुवारी," म्हणत रूपानं फोन ठेवला. दुसऱ्याचं ऐकून घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पसारा डोळ्यांनी पाहून वर कडी लावून जातात, आणि आता झाडायला बायकोला आणतात! एकदा आपण झाडू उचलला की तो कायमचा गळ्यात पडतो, हे तीन घरं बदलून तिला कळलं होतं. तिनं खोलीला हात लावला नाही.

गुरुवारी ती भाजीला गेली, तेव्हा बसस्टँडवर ते दोघं दिसले. सेवकरामांनी डोक्याला गमछा गुंडाळला होता आणि ते दुर्गाबाईंना बशीत ओतून चहा पाजत होते. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये, चेहरा पार उतरलेला. या हातानं ही माउली झाडणार? भांडण मालकाशी होतं, तिच्याशी नव्हे.

ती तशीच घरी परतली आणि तिनं पदर खोचला. निकेशच्या चालण्यानं भुकटी पार खिडकीपर्यंत गेली होती. तिनं सगळी झाडली, दोनदा ओल्या फडक्यानं पुसली. खूप दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं.

थोड्या वेळानं दोघं आले. दुर्गाबाईंनी पायरीवरच चपला काढल्या.

"या काकू," रूपा म्हणाली. "मी सारं झाडून-पुसून टाकलं. तुमी अशा हातानं कुठी करता?"

सेवकराम दारातच मटकन बसले. गमछा सुटला. डोक्यावर केस नव्हते.

"त्या दिवशी काम आटपून निकेश हिले गाडीवर घेऊन घरी येऊन राहिला होता," ते म्हणाले. "टरकानं उडवलं. पोरगा जागीच गेला. हिले आज दवाखान्यातून सुटी झाली. त्याचं तोंडबी पाहाले नाही भेटलं हिले."

रूपा त्यांच्याजवळ टेकली.

दुर्गाबाई खाली बसून ओल्या फरशीवरून डावा हात फिरवत होत्या.

"तुमी तं म्हटलं होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "का त्याच्या पायाचे ठसे आहेत इथं."