कुणालाही हो

"हा प्रोग्रॅम आपला नाही, विकत आणलेला," राजलक्ष्मी पुतण्याला समजावत होती. "फोनवरून लंडनची लाइन जुळली की तो थांबतो आणि आपण लिहिलेल्या तुकड्याला हाक मारतो. पलीकडे खरंच आपलं गिऱ्हाईक आहे का, ते या तुकड्यानं तपासायचं. तो हो म्हणाला, तरच साखरेचे आकडे बाहेर जातात."

हरिलाल मान डोलवत होता. त्याचे वडील गोवर्धन, म्हणजे राजलक्ष्मीचे थोरले दीर आणि पोर्ट लुईच्या या ऑफिसाचे मालक, मागे उभे होते.

"आता तुझा लाव," ते मुलाला म्हणाले.

हरिलालनं काकीचा तुकडा काढून स्वतःचा बसवला. प्रोग्रॅमनं हाक मारली आणि आकडे सरसर निघाले.

"कोरेक, काकी? बरोबर ना?"

तिनं वाकून पडद्यावर वाचलं. "अरे, हा काहीच तपासत नाही. पलीकडे कुणीही असलं तरी हो म्हणेल."

"काम झालं ना? तू फार नाही-नाही करतेस, राजलक्ष्मी," गोवर्धन म्हणाले. "सोमवारपासून हे टेबल हरिलालचं. असलं काम घरच्या माणसाकडे असलेलं बरं."

"मी घरचीच आहे, भाऊजी."

"माझा भाऊ बलराम होता तोवर होतीस."

हरिलाल पडद्याकडेच पाहत राहिला. राजलक्ष्मीनं खणातला कंगवा आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. टेबलावर फोन होता. लंडनला एक शब्द सांगितला असता, तर हा धंदा आजच बसला असता. तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. सें पिएर गावातल्या ज्या खोलीत ती आता एकटी झोपत होती, तीही भाऊजींच्याच घरातली होती. तिनं हात मागे घेतला.

"आणि ऐक," गोवर्धन म्हणाले. "सोमवारी इथं लाप्रिएर ठेवलंय, सत्यनारायणाचं. पोराची सुरुवात आहे. प्रसादाचा शिरा तूच कर. तुझ्या हातचा सगळ्यांना आवडतो. घरूनच पाठव म्हणजे झालं. पूजेला बायका जोडीनं येतील, तुलाच अवघड वाटेल."

पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली. तिथं थांबली.

"किती माणसं येतील, भाऊजी?"