पणजीच्या नावाची बॉबिन

दुपारी साडेतीनला इंग्लंडमधल्या ओल्नीच्या सभागृहात चहाची घंटा झाली आणि लेस विणणाऱ्या साऱ्याजणी उठून आतल्या खोलीत गेल्या. हेझेल तेवढी बसून राहिली. शेजारी नवख्या मॉरीनच्या लेस विणायच्या उशीवर, विणकामाला लोंबणाऱ्या, धागा गुंडाळलेल्या हाडाच्या जुन्या कांडीवर, म्हणजे बॉबिनवर, हेझेलच्या पणजीचं नाव कोरलेलं होतं. हेझेलने ती वीस वर्षं लिलावांत शोधली. मॉरीनला बटणांच्या डब्यात सापडली. "माझ्या सगळ्या घे, एवढी दे गं," हेझेलने सकाळी विनवलं होतं. "काचेच्या कपाटात कोंडायला? इथं बिचारी काम तरी करतेय!" मॉरीन सगळ्यांदेखत हसली होती. बॉबिन सोडवायची तर धागा कापावा लागणार, आणि नातीच्या बाप्तिस्म्यासाठी मॉरीनने वर्षभर विणलेली लेस वाया जाणार. हेझेलने कात्री उचलली. "हेझेल, चहा गार होतोय!" आतून मॉरीन ओरडली. "माझ्या उशीला राखण बसलीस की काय?" तीन चाळीसला हेझेलच्या हातात कात्री उघडीच होती, धागा अजून शाबूत.